फोटो संपादनाच्या अ‍ॅपचा कागदी नमुना : सरकपट्टी कागदावर कशी सरकवायची?

रेघोटी

आमच्या चार जणांच्या गटाने मोबाइलवर फोटो सुधारण्यासाठी एक लहानसे अ‍ॅप करायचे ठरवले आहे. कोड लिहायला घेण्यापूर्वी त्याचा कागदी नमुना, म्हणजे स्क्रीन कागदावर काढून हाताने बदलत दाखवायचा नमुना, करून काही वापरकर्त्यांसमोर ठेवावा, असा माझा आग्रह होता आणि बऱ्याच चर्चेनंतर तो मान्य झाला. एकूण सहा स्क्रीन आहेत : फोटो निवडणे, क्रॉप (नको त्या कडा कातरणे), उजेड व रंग, फिल्टर, मजकूर आणि जतन. पहिली आणि शेवटची स्क्रीन तासाभरात तयार झाली. मधल्या चार मात्र दोन दिवस अडून बसल्या आहेत.

अडचण अशी की, तिकीट काढण्याच्या किंवा निरोप पाठवण्याच्या अ‍ॅपमध्ये बटण दाबले की एक कागद उचलून दुसरा ठेवला म्हणजे काम भागते. येथे बटणे जागच्या जागी राहतात आणि फोटोच बदलत जातो, तोही सरकपट्टीवर (स्लायडरवर) बोट सरकत असतानाच. हे कागदावर कसे दाखवावे? गटातील एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे की, असल्या अ‍ॅपसाठी कागदाचा हट्ट सोडून थेट संगणकावरच नमुना करावा. ज्यांनी असे काही प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अल्पाक्षरी

त्याच फोटोच्या कमी-अधिक उजेडाच्या पाच प्रती छापा. सरकपट्टीवर पाच खुणा करा. बोट जेथे थांबेल तेथली प्रत समोर ठेवा.

दुमडपट्टी

अल्पाक्षरी यांनी सांगितले ते बरोबरच आहे. मी बांधणीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या कामात कल्पनेपेक्षा कात्रीच अधिक वेळा दगा देते.

प्रथम माप ठरवा. ६.१ इंची फोनचा पडदा साधारण ६.५ सेंटिमीटर रुंद आणि १४ सेंटिमीटर उंच असतो. त्या मापात हाताने बटणे काढणे आणि सुटे तुकडे हाताळणे जिकिरीचे होते, म्हणून आम्ही सर्व काही १४१ टक्के मोठे केले. ए-४ वरून ए-३ करताना झेरॉक्स यंत्रावर जो आकडा लागतो तोच हा. त्यामुळे पडदा सुमारे ९.२ बाय १९.७ सेंटिमीटरचा होतो आणि ए-५ कागदावर नीट बसतो.

त्यानंतर जाड पुठ्ठ्याची चौकट कापा. तिच्या आत फोटो सुटा ठेवायचा, कधीही चिकटवायचा नाही. खालची साधनांची पट्टी वेगळी असावी आणि प्रत्येक साधन उघडल्यावर येणारी उपपट्टीही वेगळी असावी. सरकपट्टीसाठी कार्डशीटला दोन उभ्या खाचा पाडून त्यांतून कागदाची लांब पट्टी ओवायची आणि तिच्यावर गोल मूठ काढायची. पट्टी दोन्ही खाचांबाहेर किमान तीन-तीन सेंटिमीटर उरली पाहिजे. आमची पहिली पट्टी आखूड होती आणि उत्साही वापरकर्त्याने उजेड इतका वाढवला की ती त्याच्या हातातच आली.

फोटोवर ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट ठेवा. मजकूर लिहिणे, डाग पुसणे, एखादा भाग बोटाने रंगवून निवडणे, हे सर्व वापरकर्ता त्या शीटवर पुसता येणाऱ्या पेनने करू शकतो आणि खालचा फोटो पुढच्या माणसासाठी कोरा राहतो. क्रॉपसाठी मात्र शीट वापरू नका. काळ्या कार्डशीटचे इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे दोन तुकडे कापा आणि ते समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवून मागे-पुढे सरकवा. चौकट लहान-मोठी होते आणि कातरून जाणारा भाग आपोआप झाकला जातो.

काळीखोली

ते दोन एल पाहून मला आमची डार्करूम आठवली. फिल्म धुऊन छपाई करण्याच्या काळात चित्राची चौकट ठरवण्यासाठी छायाचित्रकार नेमके हेच तुकडे वापरत असत आणि माझ्या खणात ते अजूनही आहेत.

थोडे विषयांतर होईल, पण अगदीच अस्थानी नाही. फोटोशॉपमधील, फोटोचा एखादा भाग उजळ करणाऱ्या डॉज साधनाचे चिन्ह बारकाईने पाहा. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून छपाईच्या वेळी चित्राच्या एखाद्या भागावरचा उजेड अडवला जाई, तेच ते साधन. शेजारच्या, भाग गडद करणाऱ्या बर्नचे चिन्ह म्हणजे ठरावीक जागेपुरताच उजेड पडू देणारा वळवलेला हात. म्हणजे आज ज्यांना आपण डिजिटल साधने म्हणतो, त्यांतील काहींचा जन्मच पुठ्ठ्याच्या तुकड्यांतून आणि हाताच्या सावलीतून झाला आहे. आपण त्यांना पुन्हा कागदावर आणत असू, तर ती माहेरी आली असेच म्हणावे लागेल.

शंकासुर

माहेरपणाचे स्वागत आहे. परंतु मूळ प्रश्न बाजूला पडू नये. माझ्या मते रेघोटी यांच्या सहकाऱ्याचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे.

फोटो संपादनात वापरकर्ता आधी आकडा ठरवून मग पट्टी सरकवत नाही. तो पट्टी सरकवतो, फोटोकडे पाहतो, जास्त झाले असे वाटले की मागे घेतो आणि असे हेलकावे घेत तो एका जागी थांबतो. हात आणि डोळा यांच्यातील हा संवाद टिकण्यासाठी पडद्याचा प्रतिसाद सुमारे ०.१ सेकंदात मिळाला पाहिजे, तरच बदल आपल्याच हाताने होत आहे असे वाटते. कागदावर तुमचा 'कॉम्प्युटर' झालेला, म्हणजे पडद्याऐवजी हाताने कागद बदलणारा, माणूस पाच प्रतींमधून योग्य प्रत शोधून ती ठेवेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. त्या अवधीत वापरकर्ता पट्टी सोडून देतो आणि वाट पाहतो. म्हणजे चाचणी एका निराळ्याच अ‍ॅपची होते, ज्यात पट्टी ही पट्टी नसून पाच बटणांची रांग असते. त्यावरून सरकपट्टी सोपी आहे किंवा अवघड आहे, असा कोणताही निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते.

पारदर्शक

शंकासुर यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातून कागद टाकून द्यावा असे निघत नाही; कागदाला कोणता प्रश्न विचारायचा एवढेच निघते.

आमचा अनुभव सांगते. प्रत्येक साधन उघडल्यावर वरच्या बाजूला फुली आणि बरोबरची खूण असेल, असे आम्ही ठरवले होते. पहिल्याच वापरकर्तीने उजेड वाढवला आणि बरोबरची खूण न दाबता सरळ खालच्या पट्टीवरील फिल्टरवर बोट ठेवले. कॉम्प्युटर झालेला आमचा सहकारी हातात दोन प्रती घेऊन तसाच बसून राहिला. वाढवलेला उजेड ठेवायचा की मूळ फोटो परत आणायचा? की 'बदल ठेवायचे का?' अशी चौकट पुढे करायची? त्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि तेव्हा लक्षात आले की, तीन आठवड्यांच्या चर्चेत हा नियम कोणीच ठरवलेला नव्हता.

संगणकावरच्या नमुन्यात ही फट दिसली नसती, कारण तेथे जोडणी केलेली नसेल तर बटण दाबूनही काही होत नाही आणि 'ते अजून केलेले नाही' असे म्हणून आपण पुढे जातो. कागदी नमुन्यात मात्र माणसाला उत्तर द्यावेच लागते. म्हणून मी आता आधी वापरकर्त्याच्या हातांपेक्षा कॉम्प्युटर झालेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहते. तो जेथे अडखळतो, तेथे आपली रचना अपुरी असते.

खोडरबर

आमचा कॉम्प्युटर अडखळला नाही, शिंकला. बारा फिल्टरांचे तुकडे टेबलाखाली गेले. वापरकर्त्या गृहस्थांनी अत्यंत गंभीरपणे विचारले, "अ‍ॅप बंद पडले का? मग मी आतापर्यंत केलेले राहिले आहे ना?"

आम्ही हसलो खरे, पण संध्याकाळपर्यंत अर्धवट काम आपोआप जतन होण्याची सोय यादीत चढली होती.

अल्पाक्षरी

शिंक ही आपल्या क्षेत्रातील सर्वांत स्वस्त चाचणीपद्धत दिसते.

रेघोटी

सर्वांचे आभार. दुमडपट्टी, तुमच्या मापांप्रमाणे चौकट कापली आणि दोन एलही तयार झाले. आता अडले आहे ते अन्डूपाशी, म्हणजे केलेला बदल मागे घेण्यापाशी. वापरकर्त्याने क्रॉप केले, उजेड वाढवला, फिल्टर लावला आणि मग दोन पावले मागे जायचे म्हटले, तर कॉम्प्युटरने काय करावे? प्रत्येक जुळणीची वेगळी प्रत छापायची तर कागदाचा ढीग होईल.

दुमडपट्टी

सर्वांत खाली मूळ फोटो आणि प्रत्येक बदलासाठी वर एक पारदर्शक शीट, अशी रचना करा. अन्डू म्हणजे सर्वांत वरची शीट उचलणे. उचललेली शीट टाकून न देता डावीकडे पालथी ठेवायची, म्हणजे रीडू करताना (मागे घेतलेला बदल पुन्हा आणताना) तीच परत येते. वापरकर्त्याने मध्येच नवा बदल केला, तर डावीकडचा गठ्ठा बाजूला सारायचा. मूळ फोटोला हात न लावता काम करण्याची पद्धत याने गटातील प्रोग्रॅमरलाही चटकन समजते. फोटोशॉपमध्ये लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, आले ते १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत, आणि ती कल्पना समजावून सांगायला आजही लोक एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक शीटांचेच उदाहरण देतात.

काळीखोली

या उपायात एक मेख आहे. पारदर्शक शीट फोटोला गडद करू शकते किंवा रंगाची झाक देऊ शकते. उजळ करू शकत नाही. पांढऱ्या कागदावरून परत येणारा उजेड शीटमधून जाताना घटतोच. चार-पाच शीटा झाल्या की कोऱ्या असूनही खालचा फोटो मळकट दिसू लागतो. रंगीत जिलेटिन कागदांचे तर विचारूच नका. पिवळ्यावर निळा ठेवला की हिरवट काळोख होतो, पडद्यावरचे दोन फिल्टर तसे वागतीलच असे नाही.

म्हणून उजेडासाठी फोटोच्या छापील प्रती, आणि मजकूर, चौकटी व चित्रखुणा यांसाठी शीट, अशी विभागणी करावी. धूसरपणा दाखवायला ट्रेसिंग पेपर उत्तम चालतो. विषयाच्या आकाराचे भोक पाडून तो फोटोवर ठेवला की पार्श्वभूमी धूसर करण्याचे साधन तयार झाले.

शंकासुर

हे भोक मला आवडले. माझा विरोध थोडा मवाळ झाला आहे, असे नोंदवून आणखी एक काळजी मांडतो. बोटाने दाबायच्या जागेचे किमान माप अ‍ॅपल ४४ पॉइंट आणि गूगल ४८ डीपी सांगते (दोन्ही पडद्यावरील मापाची एकके). दुसरे माप प्रत्यक्षात साधारण ९ मिलिमीटर होते. तुम्ही सर्व काही १४१ टक्के मोठे केले असेल, तर नमुन्यावरील बटण किमान १२.७ मिलिमीटरचे हवे. अनेक जण मोठ्या चौकटीत ९ मिलिमीटरचीच बटणे काढतात आणि जागा भरपूर आहे असे समजून खालच्या पट्टीत आठ साधने बसवतात.

शिवाय टेबलावर ठेवलेल्या कागदाला माणूस तर्जनीने स्पर्श करतो, तर हातातल्या फोनला बहुधा अंगठ्याने. अंगठा कोठवर पोचतो, हे कळण्यासाठी खऱ्या मापाची एक वेगळी प्रत काढून ती फोनवर चिकटवावी आणि तेवढ्यापुरतीच वापरावी. पाम पायलट हा खिशात मावणारा छोटा संगणक १९९६ मध्ये बाजारात आला, त्यापूर्वी त्याचे जनक जेफ हॉकिन्स त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरत आणि त्यावर लिहिल्याचा अभिनय करीत. ठोकळ्यावर काही दिसत नव्हते. पण तो खिशात मावतो का आणि आपण तो दिवसातून किती वेळा काढतो, हे मात्र कळत होते.

पारदर्शक

ठोकळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून : स्कँडिनेव्हियात १९८१ ते १९८५ या काळात युटोपिया नावाचा प्रकल्प झाला. वृत्तपत्रांची पानजुळणी आणि चित्रांवरील काम संगणकावर जाणार होते, तेव्हा छपाई कामगारांना बरोबर घेऊन ती साधने कशी असावीत हे ठरवण्यात आले. त्यांनी पुठ्ठ्याची खोकी मांडून काम करून पाहिले. एका रिकाम्या खोक्यावर लेझर प्रिंटर असे लिहून ते प्रिंटर म्हणून वापरले. चित्रांवर काम करणाऱ्या साधनासाठी पुठ्ठा कमी पडतो असे वाटणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

निमूट

मी नवखा आहे, क्षमस्व. चाचणीच्या वेळी वापरकर्त्याला नेमके काय सांगायचे? आमच्याकडे "कॉन्ट्रास्ट वाढवा" असे सांगितले आणि सर्वांनी तीन सेकंदांत वाढवला. त्यातून काहीच हाती लागले नाही.

पारदर्शक

कारण उत्तर प्रश्नातच होते. बटणावर जो शब्द आहे, तो कामात उच्चारायचा नाही. "खिडकीकडे पाठ असल्यामुळे या फोटोतील चेहरा अंधारात गेला आहे, तो नीट दिसेल असे करा," असे सांगावे. मग तो उजेडाकडे जातो, फिल्टरकडे जातो की सगळीकडे फिरून 'आपोआप सुधारा' दाबतो, हे पाहण्यासारखे असते. त्यासाठी फोटोही विचारपूर्वक निवडावा लागतो. सुंदर फोटो निवडलात तर वापरकर्ता म्हणतो, "हा तर चांगलाच आहे," आणि स्वस्थ बसतो. आम्ही एकाच फोटोत तीन दोष मुद्दाम घेतले होते : क्षितिज तिरके, चेहरा काळवंडलेला आणि कडेला एका अनोळखी माणसाचे कोपर.

आणखी एक पथ्य म्हणजे कॉम्प्युटर झालेल्याने बोलायचे नाही. बोलायचे ते सूत्रधाराने, आणि त्यानेही "तुम्हाला काय होईल असे वाटते?" याच्या पलीकडे फारसे जाऊ नये. तिसऱ्याने केवळ टिपणे घ्यावीत.

अल्पाक्षरी

शब्दांचीही परीक्षा घ्या. आमच्या पहिल्या स्क्रीनवर 'फोटो काढा' असे बटण होते. निम्म्यांना वाटले कॅमेरा उघडेल, उरलेल्यांना वाटले फोटो जाईल.

खोडरबर

आणि दोन्ही गट बरोबर होते! आमच्याकडे अन्डूला 'उलटवा' असे नाव दिले होते. एका आजोबांनी ते दाबून फोटो आडवा उलटण्याची वाट पाहिली. त्यांचा हात दुसऱ्यांदा तेथे गेला नाही. शेवटी अन्डूला 'मागचे पाऊल' आणि चित्र उलटण्यासाठी 'आरशासारखे' अशी नावे आम्ही तेथल्या तेथे चिकट चिठ्ठ्यांवर लिहून लावली आणि पुढच्या माणसाला बसवले. अशी दुरुस्ती दोन चाचण्यांच्या मधल्या पाच मिनिटांत होते, हे कागदाचे खरे सुख आहे. कागदावरचे काम अर्धवट दिसते म्हणून लोक चुकाही मोकळेपणाने दाखवतात. गुळगुळीत पडद्यापुढे ते स्वतःलाच दोष देत बसतात.

निमूट

किती माणसे पुरेशी होतात?

शंकासुर

पाच, हे उत्तर तुम्हाला सगळीकडे मिळेल. त्यामागे नील्सन आणि लँडॉवर या वापरसुलभतेच्या संशोधकांचे १९९३ मधील गणित आहे. एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात असे धरले, तर पाच जणांनंतर सुमारे ८५ टक्के दिसून येतात. परंतु ३१ ही सरासरी आहे आणि ती तुमच्या अ‍ॅपला लागू पडेलच असे नाही. शिवाय रोज फोटो सुधारणारा आणि वर्षातून एकदा क्रॉप करणारा, यांना एकाच पाचांत मोजू नये. मी तीन जण, दुरुस्ती, पुन्हा तीन जण, असे करीन.

रेघोटी

शंकासुर यांचा सल्ला मानून काल तीन जणांसमोर नमुना मांडला. सविस्तर लिहिते, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी मिळाले.

सरकपट्टीसाठी पाच प्रती ठेवल्या आणि शंकासुर म्हणाले तसेच घडले. तिघेही पट्टी सरकवून थांबत होते. म्हणून पट्टीच्या सोपेपणाविषयी आम्ही टिपणात एक अक्षरही लिहिलेले नाही आणि तेवढा भाग संगणकावर वेगळा करायचे ठरवले आहे. सहकाऱ्याचे समाधान झाले. मात्र पट्टीविषयी एक गोष्ट कागदावरही कळली. दोघांना पट्टीची मूठ मध्यभागी का आहे हे समजेना. शून्य डाव्या टोकाला असते अशी त्यांची समजूत होती आणि फोटो आधीच निम्मा उजळलेला आहे असे त्यांना वाटले.

वर डावीकडे मागच्या स्क्रीनवर नेणारा बाण होता आणि शेजारी अन्डूचा वळलेला बाण. दोघांनी फिल्टर नको म्हणून पहिला बाण दाबला. कॉम्प्युटर झालेल्या सहकाऱ्याने नियमाप्रमाणे सगळा गठ्ठा उचलून फोटो निवडण्याची स्क्रीन ठेवली, तेव्हा एकीने "अरे, माझे सगळे गेले!" असे म्हणून त्याचा हातच धरला. अन्डू आता खाली, साधनांजवळ आणला आहे.

सर्वांत महत्त्वाचे अखेरीस घडले. फिल्टर लावल्यावर दोघांनी वरच्या पारदर्शक शीटचा कोपरा उचलून खालचा मूळ फोटो पाहिला, पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. आधीचा आणि नंतरचा फोटो ताडून पाहण्याची सोय आमच्या सहा स्क्रीनमध्ये कोठेही नव्हती.

दुमडपट्टी

उत्तम! फोटोवर बोट दाबून धरले की मूळ फोटो दिसेल, अशी सोय करा. अनेक अ‍ॅपमध्ये ती असते.

अल्पाक्षरी

बोट दाबून धरणे त्या तिघांपैकी कोणाला आपणहून सुचले का?

रेघोटी

नाही. दोघांनी कोपराच उचलला. तिसऱ्याने काहीच केले नाही.

शंकासुर

मग थोडे थांबा. कोपरा उचलणे त्यांना सुचले, कारण शीट सुटी होती आणि तिला कोपरा होता. पडद्याला तो नाही. ताडून पाहण्याची गरज त्यांची स्वतःची होती की शीटनेच त्यांना तो खेळ सुचवला, हे या दोघांवरून सांगता येणार नाही.

काळीखोली

गरज खरी असावी. छपाईच्या वेळी आम्हीही आधीची प्रत शेजारी ठेवल्याशिवाय नवीन प्रतीविषयी मत देत नसू. पण शंका योग्य आहे.

रेघोटी

मान्य आहे. उद्याच्या तिघांसाठी शीट चारही बाजूंनी चिकटवून ठेवते आणि ती माणसे हाताचे काय करतात ते पाहते. चिकटवलेली शीट अन्डूसाठी उचलता यावी म्हणून दुमडपट्टी यांनी कृपया एखादी युक्ती सुचवावी.

दुमडपट्टी

शीट चौकटीपेक्षा मोठी कापा आणि तिच्या कडा पुठ्ठ्याच्या चौकटीखाली दाबून ठेवा. कॉम्प्युटरने चौकट उचलली की शीट निघते, वापरकर्त्याला मात्र धरायला कोपरा सापडत नाही. चौकट जड हवी. मागून दुसरा पुठ्ठा चिकटवा.

खोडरबर

आणि कॉम्प्युटरला सर्दी नाही ना, याची खात्री करून घ्या.